मशीन उघडण्याआधी कान तरी बघायचा होता

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : कान न तपासता श्रवणयंत्राची केलेली ‘दुरुस्ती’ आणि त्याचे घेतलेले पैसे

महोदय,

माझे वडील 4 वर्षांपासून तुमच्या कंपनीची श्रवणयंत्रे वापरतात. दोन महिन्यांपूर्वी उजवे मशीन शिट्टी मारू लागले आणि त्या कानाने ऐकू येणेही कमी झाले. तुमच्या केंद्रात गेलो, तर तंत्रज्ञांनी आवाज वाढवून दिला. शिट्टी आणखी वाढली. दुसऱ्या खेपेला मशीन 8 दिवस ठेवून घेतले, रिसीव्हर (कानात आवाज सोडणारा छोटा स्पीकर) बदलला, नव्याने श्रवणचाचणी केली आणि “बाबांचं ऐकणं अजून कमी झालंय, जास्त ताकदीचं मशीन लागेल,” असे सांगून कोटेशन हातात ठेवले. इतके सगळे झाले, पण त्यांच्या कानात कोणी एकदाही डोकावून पाहिले नाही.

शेवटी आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. कानाची नळी मळाने गच्च भरली होती, पडदा दिसतच नव्हता. मऊ करणारे थेंब 5 दिवस घातल्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघत सक्शनने मळ काढला. या कानाच्या पडद्याला पूर्वी छिद्र होते, म्हणून पाण्याची पिचकारी मुद्दाम टाळली. घरी येऊन तेच जुने मशीन घातले, तर शिट्टी गायब! पण तुम्ही वाढवून ठेवलेला आवाज आता त्यांना सोसेना. भांडे वाजले तरी दचकतात. सध्या मशीन डबीतच आहे.

मळ हा काही रोग नाही. तो कातडीचे रक्षण करतो आणि एरवी हळूहळू आपणच बाहेर सरकतो. मशीन वापरणाऱ्यांच्या कानात मात्र त्याची वाटच दिवसभर अडलेली असते. साचलेल्या मळावर आपटून आवाज मागे फिरतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. हे मला डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावले. रोज हीच मशीन विकणाऱ्यांना ते ठाऊक नसावे, हे पटत नाही. शिवाय तुंबलेल्या कानाची श्रवणचाचणी घेऊन त्यावरून नवे मशीन सुचवणे याला काय म्हणायचे?

मळाचा विषय मीच काढला होता. त्यावर “घरी बड्सने साफ करत जा” असे उत्तर मिळाले. बड्सने मळ आणखी आत ढकलला जातो. पडद्याला इजा झाली असती तर जबाबदार कोण?

रिसीव्हरचे आणि दुसऱ्या चाचणीचे पैसे परत करावेत. स्वच्छ कानाची चाचणी विनामूल्य करून मशीन नव्याने जुळवून द्यावे. हे आधी, कारण वडील घरात गप्प बसून असतात. आणि चाचणीपूर्वी ऑटोस्कोपने (कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने) कान पाहण्याचा नियम तुमच्याकडे आहे का, असल्यास आमच्या वेळी तो का पाळला नाही, याचे लेखी उत्तर 15 दिवसांत मिळावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : दोन्ही पावत्या, तुमचे कोटेशन, डॉक्टरांच्या तपासणीच्या कागदाची प्रत