खोलीचे फोटो पुरे, ओहोटीची वेळ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'दोघांसाठी किनारे' असा पानभर मजकूर आला. त्यात माहिती दापोलीजवळच्या मुरुडची आणि फोटो जंजिऱ्याचा! ही दोन मुरुडं वेगळी आहेत हो. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात, हर्णैशेजारचं रत्नागिरी जिल्ह्यात, आणि मध्ये बाणकोटची खाडी. फोनवर खोली ठरवणाऱ्याने आधी जिल्हा विचारून घ्यावा, एवढं तरी या निमित्ताने सांगून ठेवते.

पण पत्र फोटोसाठी लिहीत नाही. त्या पानावर प्रत्येक किनाऱ्याखाली खोलीचं भाडं होतं, पोहण्याचा तलाव आहे की नाही ते होतं (समुद्राकाठी तलाव कशाला, ते विचारत नाही), 'कँडललाइट डिनर' होतं. दुपारी माणसांनी करायचं काय, हे कुठेच नव्हतं. कोकणात सकाळी नऊनंतर वाळूवर उभं राहवत नाही आणि साडेचारच्या आत पुन्हा जाववत नाही. मधले सात-साडेसात तास एसी लावून टीव्ही बघायचा असेल तर आमचं कोथरूड काय वाईट आहे?

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झाले. ह्यांची हयात पिंपरीच्या कारखान्यात गेली. समुद्र म्हणजे ह्यांना वाळू, मासे आणि वामकुक्षी. मला वाळूवर तासाभराच्या वर बसवत नाही. जुनी तटबंदी, देऊळ, लेणं, काहीतरी बघायला लागतं. आमच्यासारखी जोडपी पुण्यात घरटी एक सापडतील. तेव्हा किनारा निवडताना आम्ही समुद्राच्या पाठीशी काय आहे ते आधी पाहतो. खोली सगळ्यात शेवटी.

या हिशेबाने पहिला मान मालवणचा, यात वाद नाही. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि चहूकडे खारं पाणी असून किल्ल्यातल्या विहिरींना गोडं पाणी आहे. पण पुण्याहून जायचा एक दिवस आणि यायचा एक दिवस रस्त्यातच जातो. चार रात्री मोकळ्या असतील तरच निघावं. गणपतीपुळ्याला राहून रत्नागिरीत टिळकांचं जन्मघर आणि थिबा राजवाडा होतो. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं आणि इथे आणून ठेवलं. तो 1916 साली रत्नागिरीतच वारला. परतीची वाट नसलेला राजा रोज हाच समुद्र बघत असेल, या विचाराने मला त्या वाड्यात फार वेळ थांबवेना. पुळ्याचं पाणी मात्र दगाबाज आहे, तिथे पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नये. अलिबाग जवळ खरं, कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पुढे चौल-रेवदंडा आहे. पण शनिवार-रविवारी सगळी मुंबई तिथे उतरलेली असते. श्रीवर्धन पेशव्यांचं मूळ गाव, म्हणून पुणेकराने एकदा जावंच.

दोन रात्री आणि दोन स्वभाव यांचा मेळ घालायचा असेल तर माझं मत हर्णै-मुरुडला. ताम्हिणी उतरून माणगाव, मंडणगडमार्गे दापोली, तिथून अर्ध्या तासात किनारा. सकाळी लवकर निघालं तर दुपारचं जेवण मुरुडला.

हर्णैच्या समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हाही आहे. बंदरातून होडी मिळते. दरवाजाच्या पायरीवर दगडात कोरलेलं कासव आहे आणि भिंतीवर मारुती. आत झाडोरा माजलेला आहे, सावलीची सोय नाही, प्यायचं पाणी बरोबर न्यावं. तटाची मोठमोठी दगडं पाहत एक फेरी मारायला तास-दीड तास पुरतो.

या किल्ल्याची गोष्ट पुणेकरांना जरा बोचणारी आहे. कान्होजी आंग्र्यांच्या वेळी हे त्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं. पुढे तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं. पेशव्यांनी इंग्रजांशी संधान बांधलं आणि 1755 साली कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. दुसऱ्या वर्षी विजयदुर्ग पडला, तिथे आंग्र्यांचं आरमार जळालं. त्या जेम्सच्या विधवेने नवऱ्याची आठवण म्हणून 1784 साली लंडनच्या शूटर्स हिलवर एक मनोरा बांधला, त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग कासल'. म्हणजे आपलाच सुवर्णदुर्ग, साहेबाच्या उच्चारातला! तो मनोरा आजही उभा आहे. शनिवारवाड्यात आम्ही मुलांना घेऊन जायचो तेव्हा हा भाग पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेला असायचा. हर्णैच्या धक्क्यावर उभं राहून तो सांगावा, म्हणजे नकाशा लागत नाही.

होडी मिळाली नाही तरी दिवस फुकट जात नाही. काठावरच कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला आहेत. कनकदुर्गावर दीपगृह आहे, तिथून बंदर आणि सुवर्णदुर्ग दोन्ही एका नजरेत येतात. संध्याकाळी बंदरात मासळीचा लिलाव असतो. ती वेळ ह्यांची. सुरमई किती मोठी, कोळंबी कोणत्या टोपलीतली, भाव कुठे तुटला, हे बघताना ह्यांच्या चेहऱ्यावर जी तन्मयता असते ती आमच्या लग्नात नव्हती. मी शाकाहारी, मला मुरुडच्या घरगुती खानावळीत सोलकढी आणि उकडीचे मोदक मिळाले की माझी तक्रार संपते. मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात.

आणि मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. त्यांचं बालपण इथे गेलं. परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून तिथून परत पाठवले गेले. 1893 साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. दोघं मुरुडला आले तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकलं. आज त्याच गावात त्यांचा पुतळा आहे आणि त्याच्यासमोरून पुण्या-मुंबईची जोडपी बिनदिक्कत हातात हात घालून किनाऱ्याकडे जातात. कर्वे रस्त्यावर रोज सिग्नलला थांबणाऱ्या नवविवाहितांनी एवढं ठाऊक असून तिथे जावं, असं मला वाटतं. माझ्या सुनेला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, हे त्या पुरवणीत का नाही लिहीत?" म्हणून हा खटाटोप.

खाडीवरच्या पुलावरून पलीकडे आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आहे. वरून दिसणारा समुद्र आणि माडांचे शेंडे पाहायला नास्तिकानेही चढावं. दापोलीपासून तासाभराच्या अंतरावर पन्हाळेकाजीची 29 लेणी आहेत, कोटजाई नदीच्या काठी. आधी बौद्ध, मग नाथपंथीय. भर दुपारी आत गारवा असतो, म्हणून मी ती मुद्दाम त्या सात तासांसाठी राखून ठेवते. ह्यांनाही तिथे डुलकी घेता येते.

आता शीर्षकातल्या ओहोटीकडे. किल्ल्याची होडी, वाळूवरचं फिरणं, पाण्यात उतरणं, सगळं भरती-ओहोटीवर. त्यासाठी मोबाइल लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती पावणेचारच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी पावणेदहाच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती, आणि तीही उधाणाची. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी खूप आत गेलेलं असतं. किनाऱ्यावर लांब चालायचं असेल तर तेच दिवस धरावेत. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. कुलाब्याला पायी जाऊ म्हणणाऱ्यांनी असे दिवस टाळावेत.

आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने अशीच जाहिरात वाचून 'किल्ल्यासमोरची' खोली घेतली. किल्ला समोर होता. जायची होडी मात्र पावसाळ्यामुळे बंद होती, आणि हे तिथे पोचेपर्यंत त्यांना कोणी सांगितलं नाही. दोन दिवस त्यांनी किल्ला गॅलरीतून पाहिला. दोष त्या मालकाचा आहेच. पण अशी पानं छापणाऱ्यांनी चार ओळी जास्त दिल्या असत्या तर ते दिवाळीनंतर गेले असते.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या पुरवणीत प्रत्येक किनाऱ्याखाली तीन गोष्टी द्या: अर्ध्या तासाच्या आत बघण्यासारखं काय आहे, किल्ल्याला होडी कोणत्या महिन्यांत चालते, आणि त्या आठवड्यातली ओहोटी किती वाजता आहे. जागा नसेल तर कँडललाइट डिनरचा फोटो काढून टाका.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे

ता. क. डॉल्फिन दाखवतो म्हणणाऱ्या होड्याही तिथे असतात. डॉल्फिन कधी दिसतात, कधी नाही. जाकीट मात्र दोघांनीही घालून घ्यावं, 'आम्हाला पोहता येतं' हे होडीवाल्याला ऐकवू नये.