काच पुसणाऱ्याच्या दोरीलाही कायदा हवा: मध्य प्रदेशच्या श्रममंत्र्यांना खुले पत्र

माननीय श्रममंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ.

सादर नमस्कार.

इंदुरात विजयनगर, एबी रोड, सुपर कॉरिडॉर या भागांत काचेच्या इमारती वाढल्या आणि त्यांच्यामागे काच-सफाईचा धंदाही आला. इथल्या मराठी घरांतली मुलंही त्यात उतरताहेत, म्हणून हे पत्र मराठीत लिहिलं आहे. हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहोत.

धंदा सुरू करायला आज काय लागतं? उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर ऑनलाइन, विनाशुल्क होते. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. गुमाश्ता, म्हणजे 1958 च्या मध्य प्रदेश दुकान व स्थापना अधिनियमाखालची नोंदणी, आपल्याच विभागाची. निगमचा व्यापार परवाना वेगळा. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण मोठ्या ऑफिसांची कामं बहुधा नंबराशिवाय मिळत नाहीत. बिलावर जीएसटीचा सेवा-कोड 998532 लिहावा. तो खिडक्या-काचांच्या सफाईचाच आहे. सवयीने लिहिला जाणारा 998533 सर्वसाधारण सफाईचा. कर दोन्हींवर 18 टक्के. ही बाजू सोपी झाली आहे, आणि त्याचं श्रेय शासनाला द्यायलाच हवं.

पण माणूस किती उंचीवर लटकणार आहे, हे यातला एकही कागद विचारत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा संहिता आस्थापनेत 10 कामगार असतील तर लागू होते, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमाही 10 वर. कंत्राटी कामगारांची तरतूद 50 वर. आणि काच-सफाईची टोळी असते चार ते सहा जणांची: दोघं दोरीवर, एक गच्चीवर, एक खाली लोकांना अडवायला. म्हणजे शहरातल्या सर्वांत धोक्याच्या कामांपैकी एक काम संहितेच्या उंबरठ्याबाहेर राहतं. मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर ईएसआय स्वेच्छेनेही घेता येतो. पण काम सर्वांत कमी दरवाल्याला जातं, तो खर्च आपणहून का वाढवेल? डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगाराच्या अपघात-भरपाईचा विमा, तरी काढली पाहिजे, तीही अनेकजण काढत नाहीत. मग अपघातानंतर भरपाईची जबाबदारी मालकाच्या डोक्यावर, आणि त्याच्याकडे काही नसेल तर कुटुंबाच्या हाती काहीच येत नाही.

अपघात कसा होतो, हेही सांगितलं पाहिजे. माणसाला दोन दोर हवेत: एक उतरण्याचा, दुसरा फक्त जीव वाचवण्याचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या आधारांना बांधलेले. दोर नायलॉनचा, विणलेल्या आवरणाचा, साधारण 11 मिलिमीटर जाडीचा. हार्नेस पूर्ण अंगाचा, आयएस 3521 चा शिक्का असलेला. नुसता कमरपट्टा चालत नाही, झटका सगळा कण्यावर येतो. प्रत्येक आधाराने 15 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन ओढ सहन करावी. प्रत्यक्षात गच्चीवर असा आधार बसवलेलाच नसतो. मग दोर टाकीच्या पाइपाला, एसीच्या स्टँडला, नाहीतर कठड्याच्या रेलिंगला बांधला जातो, आणि बरेचदा तो एकच असतो. कठड्यावरच्या ॲल्युमिनियमच्या (एसीपी) पत्र्याची धार दोराला कापत राहते. तिथे जाड रबर किंवा कॅनव्हासची खोळ घातली तर हे टळतं. त्या खोळीचा खर्च नगण्य आहे.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे. बोअरचं जड पाणी काचेवर वाळलं की चुन्याचे पांढरे डाग बसतात, उन्हाळ्यात दुपारी तर पुसायच्या आत. ते काढायला ठेकेदार ॲसिड देतो. हायड्रोफ्लोरिक ॲसिड काच कायमची धूसर करतं आणि कातडीतून आत शिरतं. दुखायला बरेचदा काही तासांनी लागतं. त्यावर लागणारं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टोळीकडे नसतं. ॲसिडचे शिंतोडे नायलॉनच्या दोरावरही पडतात. धागे कमकुवत होतात, वरून दिसत मात्र काही नाही. उपाय साधा आहे. शेवटचा हात आरओच्या किंवा 10 पीपीएमपेक्षा कमी टीडीएसच्या (विरघळलेल्या क्षारांच्या) पाण्याने मारायचा, काम सकाळी सावलीच्या बाजूने सुरू करायचं, आणि ॲसिड लागलेला दोर त्याच दिवशी कामातून काढायचा.

तिसरी गोष्ट सुटकेची. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध पडू शकतो. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. गच्चीवरच्या माणसाला त्याला खाली सोडता आलंच पाहिजे, आणि ते शिकवणारं शहरात परवडेल असं ठिकाण हवं.

आमची मागणी मोठी नाही. सुरक्षा संहितेत 10 कामगारांची अट, आणि सामाजिक सुरक्षा संहितेत ईएसआयची अट, जीवघेण्या कामांसाठी उठवता येते. केंद्राने तसं काम अधिसूचित केलं की ईएसआय एका कामगारालाही मिळतो. दोरीवरून किंवा झुल्यावरून होणारी काच-सफाई त्या यादीत यावी, असा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा. प्रशिक्षणासाठी नंदानगरच्या शासकीय आयटीआयमध्ये उंचीवरच्या कामाचा छोटा अभ्यासक्रम सुरू करता येईल. मुद्रा कर्जाच्या शिशू गटात 50 हजारांपर्यंत मिळतात. जमिनीवरून करायच्या कामाचं सामान त्यात आरामात बसतं, दोघांचं दोरकामाचं सामान बसत नाही. तेव्हा प्रमाणपत्रधारकांना सामानासाठी अनुदान द्यावं.

एक गोष्ट नगर विकास विभागाच्या हातात आहे, पण शब्द आपण टाकावा. मध्य प्रदेश भूमि विकास नियम, 2012 मध्ये काचेच्या दर्शनी भागाच्या इमारतींना गच्चीवर तपासलेले कायम आधार बंधनकारक करावेत, आणि त्याशिवाय वापर परवाना देऊ नये. इमारत बांधताना हे आधार बसवणं सोपं. नंतर वॉटरप्रूफिंग फोडून बसवायला कोणी तयार होत नाही. जुन्या इमारतींना वर्षभराची मुदत द्यावी.

2017 पासून इंदूरचं नाव स्वच्छतेसाठी देशभर घेतलं जातं. त्या स्वच्छतेत या मुलांचीही मेहनत आहे. केंद्राकडे प्रस्ताव कधी जाणार, ते विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनाआधी कळवावं, ही विनंती.

आपले,
काच-सफाईच्या धंद्यातले इंदूरचे मराठी व्यावसायिक