रात्रीची भांडी

हॅम्बुर्ग, २० नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "लिहितोस का रे काही, की नुसतंच ऑफिस?" मी 'आवाज तुटतोय' म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला येत होता, उत्तर नव्हतं. आणि फोनवर बाबा मधेच थंडी किती ते विचारतात, म्हणून हे पत्र.

इथे आल्यावर लिहायची मी जय्यत तयारी केली होती. खिडकीपाशी टेबल, कोरी वही, रविवारची शांत दुपार. दोन वर्षांत चार ओळी झाल्या. त्यातल्या दोन पावसावर, आणि इथला पाऊस म्हणजे तुला सांगतो, नुसती गळती.

आणि तुझं काय होतं? शनिवार पेठेतलं ते स्वयंपाकघर. दोघं समोरासमोर आले तर एकाला मोरीत उभं राहावं लागायचं. तिथे परातीत तांदूळ निवडता निवडता तू पुटपुटायचीस, मग पदराला हात पुसून दुधाच्या हिशेबाच्या वहीत काहीतरी खरडायचीस. '१२ तारीख, अर्धा लिटर जास्त' आणि त्याच्याखाली भिडे पूल पाण्याखाली गेल्याच्या तीन ओळी. महिनाअखेरीला बाबा हिशेब मांडायला बसले की ओरडायचे, "अगं, ही मुठा दुधात धरायची की पाण्यात?"

मुळशीच्या आजीचंही तसंच ना. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. नंतर कुणी ओवी म्हण म्हटलं तर तिला नुसतं बसून आठवायचीच नाही. हात गोल फिरवायला लागली की एकेक सुटायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, बहुतेक दोन-दोन ओळींच्या. घास टाकायचा, खुंटा ओढायचा, ओळ पुरी करायची. एवढ्या बायका, आणि लिहायचं टेबल एकीकडेही नाही.

बहिणाबाईंबद्दल आपण 'अडाणी असूनही' म्हणतो. मला आता त्या 'असूनही'चाच राग येतो. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्या म्हणत गेल्या, सोपानदेवांनी लिहून ठेवलं म्हणून राहिलं. १९५१ ला त्या गेल्या, पुस्तक निघालं १९५२ ला. कामातून वेळ काढून त्यांनी कविता केली नाही गं, कामातच ती व्हायची.

तुकोबांच्या स्वप्नात तर नामदेव आले, सोबत साक्षात पांडुरंग. माझ्याकडे कोण येणार? माझ्याकडे डिशवॉशर. तोही मागच्या महिन्यात बंद पडला. घरमालक 'माणूस पाठवतो' म्हणतो, माणूस काही येत नाही. त्यामुळे तीन आठवडे भांडी हातानेच घासतोय, तीही रात्री साडेबाराला, कारण जेवायलाच उशीर होतो.

मंगळवारी कढई घासत होतो. डाळ करपून बुडाला धरली होती. हात आपला गोल गोल चालला होता, डोक्यात काही नव्हतं. एकदम वाटलं, पुण्यात आता पाच वाजले असतील. नळाला पाणी आलं असेल. रात्रीची भांडी घेऊन तू मोरीपाशी बसली असशील. साबणाच्या हातानेच विजेच्या बिलाच्या पाकिटावर लिहिलं:

माझ्या नळाला मध्यरात, तुझ्या नळाला पहाट
दोघांच्या हातामंदी एकच खरकटं ताट

'हातामंदी' आजीचं आहे, माझं नाही. ते राहू दे. पण 'खरकटं' बरं की 'उष्टं'? उष्टं म्हटलं की एकाच ताटात जेवल्यासारखं वाटतं, ते मला हवंय. पण घासताना हाताला लागतं ते खरकटंच. तांदूळ निवडताना दोन्ही म्हणून बघ आणि कळव.

बाबांना सा. न. थंडी चार अंश आहे.

तुझा,
बंड्या

ता. क. घरमालकाचा आज पुन्हा फोन आला होता. मी म्हटलं, सावकाश पाठवा.