पोराला ‘नाही’ म्हणताना

प्रिय मित्रा,

‘या खेपेला पैसे दिले नसते तर मी बाप कसला,’ असं लिहिलंयस. आधी त्यावरच भांडतो. पोरगा तिशी ओलांडलेला. त्याची उधारी फेडायची, त्याच्या साहेबाला ‘ताप आलाय’ म्हणून कळवायचं, ही बापाची कामं नव्हेत. ती त्याच्या दारूची कामं आहेत, आणि तू ती बिनबोभाट करतोयस.

‘आजपासून एक पैसा मिळणार नाही,’ असं बजावलंस आणि आठवड्याने दिलेस. गेलेल्या पैशांपेक्षा मला तो आठवडा खटकतो. एखादी गोष्ट केल्यावर कधी मिळतं, कधी नाही, असं असलं की ती सवय सुटता सुटत नाही; मानसशास्त्रात प्रयोगांनी सिद्ध झालेली गोष्ट आहे ही. तुझ्या नकारातून तो इतकंच शिकला की आठवडाभर पिच्छा पुरवला की बाबा विरघळतात. पुढच्या वेळी दोन आठवडे पुरवेल.

म्हणून मोठी शपथ नको. पाळता येईल असा लहान नकार दे, आणि तो मात्र मोडू नकोस. ‘रोख पैसे हातात देणार नाही’ एवढं जमेल ना? मग तेवढंच बोल. ‘घराबाहेर काढीन’ हे तुझ्याने होणार नाही. मला ठाऊक आहे, आणि त्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

‘पिऊ नकोस’ ही विनवणी झाली, ऐकायची की नाही ते तो ठरवणार. ‘पिऊन आलास तर मी तुझ्याशी बोलत बसणार नाही, उठून आत जाईन’ हे तुझ्या हातातलं. सांग ते तो शुद्धीत असताना. आधी तो जास्तच तमाशा करेल, जुनं सगळं उकरून काढेल. त्यावरून आपलं चुकलं असं समजू नकोस. आणि वहिनींशी आधी एकमत कर. तुझा नकार आणि त्यांची गुपचूप मदत, असं चाललं तर सगळं मुसळ केरात. कर्जाला जामीन तर अजिबात राहू नकोस. त्याने हप्ते थकवले की वसुलीवाले तुझं दार वाजवणार.

जिवाचा प्रश्न आला की मात्र हे नकार बाजूला ठेव. ‘मरून जाईन’ म्हणाला तर खरं की नाटक, हे तू तपासत बसू नकोस. त्याला एकटं सोडू नकोस आणि लगेच डॉक्टर गाठ. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा ‘उद्यापासून थेंब नाही’ अशी शपथ घरात घालू नकोस. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उपचाराचा खर्च उचल, पण पैसे थेट दवाखान्यात भर.

तुझ्यासाठी म्हणून सांगतो, अल-अनॉनच्या बैठकीला जाऊन ये. पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठी १९५१ साली अमेरिकेत हे काम सुरू झालं. फी नसते, बोललंच पाहिजे असंही नसतं. तिथे सांगतात की हे दुखणं तुम्ही लावलेलं नाही, ते तुमच्या काबूतलं नाही, आणि ते बरं करणंही तुमच्या हाती नाही. पहिलंच तुला पचायला जड जाईल.

रविवारी फोन कर. तू नकार दे, मी तुझा मुलगा होतो आणि रडून, चिडून, लाडीगोडी लावून तुला भंडावतो. माझ्यापुढे टिकलास तर मग त्याच्याशी बोल.

तुझाच,
मित्र