चि. तायडीस

भोसरी, पुणे
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

चि. तायडीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला फारसं बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. आई फोन धरते, मी मागून "जेवलीस का" एवढं विचारतो, तू "हो पप्पा, सगळं छान" म्हणतेस आणि संपलं. तिकडची, जर्मनीतली, घड्याळं एक तास मागे गेल्यापासून तुझा सातचा फोन आपल्याकडे साडेअकराला येतो. आई पेंगायला लागलेली असते. आणि गेले दोन रविवार तू कॅमेरा बंद ठेवलास. नेट नीट नाही म्हणालीस. मी आईला काही बोललो नाही, पण नुसत्या आवाजावरून मशीन कुठे घासतंय हे ओळखण्यात माझी छत्तीस वर्षं गेली, आणि तुझा आवाज तर मी तुझ्या पहिल्या दिवसापासून ऐकतोय.

म्हणून बारक्याला खोदून विचारलं. त्याच्यावर रागावू नकोस, तो आधी काही सांगत नव्हता. इंटर्नशिपला लागून सहा आठवडे झाले तरी कुणाशी बोलणं होत नाही, डबा जिन्यापाशी एकटी बसून खातेस, वर्कशॉपमधले लोक काय बोलतात त्यातलं निम्मं कळत नाही आणि तू नुसती मान हलवतेस, हे सगळं त्याने सांगितलं. परवा त्या मास्टरांनी फिक्श्चर, म्हणजे पार्ट पकडून ठेवायचा साचा, कसा लावायचा ते दाखवलं, तू जर्मनमध्ये "या, या" म्हणजे "हो, हो" म्हणालीस, आणि नंतर ते उलटं लागलं. सगळं पुन्हा करावं लागलं. त्या रात्री तू रडलीस.

तायडे, तुला एक गोष्ट सांगतो. आईलासुद्धा ती अर्धीच माहीत आहे.

1989 साली मी बार्शीहून आयटीआय करून इथे एका कंपनीच्या टूलरूममध्ये अप्रेंटिस लागलो. वय एकोणीस. माझ्या तोंडात 'हाय' आणि 'न्हाई'. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत दोघा-तिघांनी माझ्या बोलण्याची नक्कल केली, सगळे हसले. मी बोलणंच बंद केलं. काही सांगितलं की मान हलवायची आणि कामाला लागायचं. तिसऱ्या महिन्यात माझ्याकडे एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं. अमेरिकन गिऱ्हाईक होतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तो कापलेल्या शंकूचा छोटा सिम्बॉल असतो ना, तो मला नेहमीसारखा दिसला नाही. वस्तूच्या बाजू कागदावर कुठे काढायच्या याच्या दोन पद्धती असतात, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल, आणि कुठली ते तो सिम्बॉल सांगतो. आयटीआयमध्ये आम्ही फर्स्ट अँगलवरच हात बसवला होता. थर्ड अँगल वहीत एकदा काढलेलं, तेवढंच. मला शंका आली. फोरमनसाहेब दहा पावलांवर चहा पीत उभे होते. मी गेलो नाही. विचारलं तर पुन्हा हसतील, एवढंच डोक्यात होतं.

तीन दिवस मिलिंग केलं. मापं सगळी बरोबर, दोन शतांशाच्या आत. चौथ्या दिवशी इन्स्पेक्शनला गेला तर उजव्या बाजूचा ब्रॅकेट डाव्या बाजूचा झाला होता. आरशात दिसावा तसा. एवढा मोठा स्टीलचा ठोकळा आणि तीन दिवस, सगळं स्क्रॅप.

फोरमनसाहेब ओरडले नाहीत. त्यांनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं, त्या सिम्बॉलवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुला दिसलं नव्हतं का?" मी म्हटलं, दिसलं होतं. "मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिसलंच नसतं तर निदान न शिकलेला पोरगा म्हणून सुटलो असतो. मला दिसलं होतं, शंका आली होती, आणि मी ती दाबून टाकली. ते मला अजून बोचतं.

आता बाजू उलटी झाली आहे. माझ्या हाताखाली आठ पोरं आहेत, तर मला जे दिसतं ते सांगतो, म्हणजे तुझ्या मास्टरांच्या मनात काय चाललं असेल याचा तुला थोडा अंदाज येईल. दहा वेळा विचारणारं पोर आलं की कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. पण रात्री त्याच्यावर मशीन सोपवून मी निर्धास्त घरी येतो. भीती वाटते ती 'हो सर, हो सर' करणाऱ्याची. त्याला किती कळलंय याचा अंदाजच लागत नाही, मग त्याला मोठं काम द्यायला हात धजत नाही. तो हुशार असला तरी. तुला ते मोठं काम देत नाहीत असं तू बारक्याला म्हणालीस. कारण हेच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण मी त्यांच्या जागी असतो तर माझं कारण हेच असतं.

म्हणून उद्यापासून एवढं कर. कळलं नाही की तिथल्या तिथे "नॉखमाल बिट्टे", पुन्हा एकदा सांगा, म्हण. त्यांनी पुन्हा सांगितलं की तुझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्यांनाच परत ऐकव, की मी आधी हे करते, मग ते, बरोबर ना? वहीत चित्र काढून दाखव. चित्राला भाषा लागत नाही, आणि तुझा हात चांगला आहे. आणि एक लक्षात घे, तू मॅक्स म्युलर भवनात शिकलीस ती पुस्तकातली जर्मन. तुझ्या शॉपवरचे लोक श्वाबिश, म्हणजे त्यांच्या भागातली बोली, बोलतात. ती तर बर्लिनच्या माणसालाही पटकन कळत नाही म्हणतात. पुण्यात शिकून कुणी मराठी बोलायला लागला आणि त्याला थेट आमच्या बार्शीच्या बाजारात नेऊन उभं केलं, तर त्याचं काय होईल? यात तुझी काही चूक नाही. त्यांना सांग, की मला श्वाबिश शिकवा. आपली बोली कुणी शिकवायला सांगितली तर माणूस खुलतो. मला कुणी सांगितलं असतं तर मी तरी खुललो असतो.

डब्याचं. ते लोक बाराच्या सुमारास एकमेकांना "मालत्साइट" म्हणत कँटीनला जातात, हे तूच पहिल्या आठवड्यात हसत सांगितलं होतंस. आपण "जेवलात का" म्हणतो तसंच. तुला कुणी तसं म्हटलं तर तेच ते बोलावणं समज, वेगळं आमंत्रण येणार नाही. डबा घेऊन त्यांच्या टेबलावर जाऊन बस. त्यांच्या ताटात काय आहे त्याचा विचार करू नकोस, तू तुझी पोळी-भाजी खा. वरच्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा तिकडे ब्राउनश्वाइगला शिकून चार वर्षं नोकरी करून आलाय. गणपतीत भेटला तेव्हा मी त्याला तासभर बसवून घेतलं होतं. तो सांगत होता, नव्याने कामावर आलेला माणूस तिकडे सगळ्यांसाठी काहीतरी खायला नेतो, त्याला आइनश्टांड म्हणतात. आपल्याकडे पहिल्या पगाराचे पेढे असतात तसं. सहा आठवडे झाले तरी हरकत नाही, दिवाळी होती असं सांग. शंकरपाळी तुला येतात. आईला विचारून प्रमाण मेसेजवर पाठवतो.

त्यानेच सांगितलेली आणखी एक गोष्ट मी वहीत लिहून ठेवली आहे. काम संपल्यावर ते लोक लेखी प्रमाणपत्र देतात आणि त्यातल्या शब्दांचे अर्थ ठरलेले असतात. 'आमच्या समाधानास उतरली' असं वाचून आपण खूश होऊ, पण तिकडे तो जेमतेम पास असा शेरा. चांगल्या कामाला 'नेहमी आमच्या पूर्ण समाधानास उतरली' अशी ओळ असते, आणि 'तिने प्रयत्न केला' असं आलं तर काम जमलं नाही समजायचं. मला ही रीत आवडली नाही. लिहायचं तर सरळ लिहावं. पण तुझी पुढची नोकरी त्या कागदावर आहे, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहू नकोस. आत्ताच पंधरा मिनिटं वेळ मागून मास्टरांना विचार, की माझं कुठे कमी पडतंय. अजून साडेचार महिने हातात आहेत.

शनिवारी पार्सलच्या गोदामात काम धरू का, असं तू आईला विचारलंस. नको. एक तर तुझी इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची आहे की स्वतःहून घेतलेली, ते करारावर नीट बघ. स्वतःहून घेतलेली असेल तर तिचे दिवस, तुम्हा विद्यार्थ्यांना वर्षात काम करायला जे 140 दिवस मिळतात, त्यांत धरले जातात, आणि वर गोदामाचे दिवस चढले तर व्हिसाच्या वेळी अडचण. तुमच्या युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विभागात विचार, अंदाजाने चालू नकोस. दुसरं म्हणजे, पैशाची काळजी तुझ्या वाट्याची नाही. पहिल्या वर्षी ब्लॉक खात्यात, म्हणजे व्हिसासाठी तुझा वर्षाचा खर्च आधीच दाखवायच्या त्या खात्यात, 11,904 युरो भरताना माझी झोप उडाली होती हे खरं, पण ते झालं. कर्जाचं व्याज मी वेळेवर भरतोय. तू पाव आणि केळ्यांवर दिवस काढून त्यातले चार युरो वाचवलेस तर माझं काहीच वाचत नाही.

आईने तुला इरावती कर्व्यांबद्दल लिहायला सांगितलंय. ती हल्ली वाचनालयातून त्यांच्याबद्दल काय काय आणून वाचते. महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. 1930 च्या आसपास बर्लिनला पीएच.डी. करत होत्या. त्यांच्या प्राध्यापकांचं म्हणणं होतं की गोऱ्या लोकांची कवटीच वेगळी, म्हणून ते जास्त हुशार. बाईंनी कवट्या मोजल्या आणि मापांत तसा काही फरक निघाला नाही. त्यांनी तसंच लिहून दिलं. त्याच प्राध्यापकांच्या हातात पदवी असताना! आईला त्यांच्या धीराचं कौतुक. मला मापाचं. जे माप आलं तेच लिहायचं, हे आम्ही टूलरूमवाले जन्मभर करतो, पण समोर कोण बसलंय हे बघून हात थरथरतो, तो त्यांचा थरथरला नाही.

आता तिकडे पाच वाजायच्या आत अंधार होतो ना? सुट्टीच्या दिवशी दुपारी खोलीत बसू नकोस. ऊन असेल-नसेल, तासभर बाहेर चालून ये. रविवारी दुकानं बंद म्हणून तू दिवसभर अंथरुणात असतेस, हेही बारक्याने सांगितलं. (त्याला खरंच रागावू नकोस.) आणि मन फारच जड झालं तर युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतात, त्यांची वेळ घे. ताप आला तर डॉक्टरकडे जातोच की आपण. आणि मला फोन कर. साडेअकराच काय, पहाटे तीनला कर. मी उचलीन आणि मला बोलता येत नसलं तरी ऐकता येतं.

एक काम सांगतो, जमलं तर कर. भोसरीत लहानाची मोठी झालीस, तेव्हा 'ट्रॉब' हा शब्द तू शाळेत जायच्या आधीपासून ऐकलायस. खालच्या गल्लीत रात्रभर चालायची ती ऑटोमॅटिक लेथ मशीनं. पार्ट बदलला तरी नाव तेच, कुठल्याही कंपनीचं असलं तरी आम्ही ट्रॉबच म्हणतो. ते मूळ ट्रॉब ज्या गावचं, ते राइखेनबाख तुझ्या एसलिंगेन जिल्ह्यातच आहे. मी नकाशात बघितलं, रेल्वेने फार वेळ लागू नये. आमच्या अख्ख्या गल्लीची चूल त्या नावावर पेटली, आपलीसुद्धा, आणि आमच्यापैकी कुणी ते गाव पाहिलेलं नाही.

एखाद्या रविवारी दुपारी जा. स्टेशनवरच्या पाटीखाली उभी राहून फोटो काढून पाठव. तुझा चेहरा दिसेल असा.

आजीने आशीर्वाद सांगितले आहेत. बारक्या ठीक आहे.

तुझे
पप्पा