ताप उतरला, आता?

डिचोली

प्रिय दिगू,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. तब्येती बऱ्या. आईचे गुडघे जिथल्या तिथे, माझी शुगर विचारू नकोस.

तन्मयला डेंग्यू झाला होता. काल बहिणीशी मोबाइलवरून भांडला, म्हणजे बरा झाला म्हणायचा. माझ्या डोक्यातून मात्र तो ताप जात नाही. मंगलकडे बोलायची सोय नाही. तू होस्टेलवर डेंग्यूने फणफणलास तेव्हा उशाशी मीच होतो, म्हणून तुला सांगतो.

ताप उतरला तसा दाजींनी देवाला नारळ फोडला. आणि म्हापशाची डॉक्टरीणबाई म्हणते, खरी काळजी आत्ता! म्हणजे विषाणू ओसरायला लागतो तेव्हाच. त्याच्याशी लढताना शरीर स्वतःच अशी काही रसायनं सोडतं की बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी छाती-पोटात उतरतं, मागे राहिलेलं रक्त दाट होतं. आम्ही सगळे 'पेशी किती?' करत बसलेलो, म्हणजे प्लेटलेट; ती मात्र हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालंय तो आकडा, आणि बीपी बघायची. १००/८४ आलं तेव्हा मला हायसं वाटलं, तिचा चेहरा उतरला. दोन आकड्यांतलं अंतर २० च्या खाली गेलं की शॉक जवळ आला, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होतं. हात गार पडलेले, आणि पोरगा क्रिकेटचा स्कोअर विचारतोय! बीपीचा पट्टा काढल्यावर कोपराच्या खळगीत लाल ठिपके उठले होते, मोहरीहून बारीक. बोटाने दाबले तरी जाईनात.

सलाईनही जपून. कमी पडलं तर शॉक, जास्त झालं तर एक-दोन दिवसांनी झिरपलेलं पाणी रक्तात परततं तेव्हा फुप्फुसं भरतात. ती सारखी बाटलीचा वेग बदलायची. अशात बाबुलो पपईच्या पानांचा रस घेऊन हजर. तोच, जो तू माझ्या चादरीवर ओकला होतास. त्या रसानेच पेशी वाढल्या, असं अजून म्हणत असशील तर म्हण. त्या त्यांच्या वेळेला आपोआप वाढतात.

पण माझी झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. डेंग्यूचे प्रकार चार. एक होऊन गेला की त्याच्यापुरतं जन्मभर संरक्षण, बाकीच्यांपासून काही महिनेच. मग दुसऱ्याने गाठलं तर जुनी प्रतिपिंडं, म्हणजे पहिल्या खेपेला शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीज, त्याला मारत नाहीत, उलट शरीराच्या पेशींत शिरायला मदत करतात. क्यूबात १९७७ साली एक प्रकार आला, १९८१ साली दुसरा, आणि त्या दुसऱ्या खेपेला माणसं दगावली. तन्मयचा हा दुसराच असावा, असं ती म्हणाली. पहिला आम्ही साधा ताप म्हणून काढला असणार. मग चिकूला गेल्या पावसात आला होता तो कसला? शेजारच्या अर्धवट इमारतीची टाकी उघडीच आहे. बिल्डरशी रोज भांडतो, तो रोज 'उद्या' म्हणतो. मंगल म्हणते, मला वेड लागलंय.

आणि तुझाही एक होऊन गेलाय, लक्षात ठेव.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींच्या दुकानाचं? सई दहावीला ना यंदा? चवथीला ये, पण फुल बाह्यांचे शर्ट आण. हा डास दिवसाढवळ्या चावतो. ताप आलाच तर पॅरासिटामॉलच घे. अंग दुखतं म्हणून तुझी ती नेहमीची पेनकिलर गिळू नकोस, तिने रक्तस्राव वाढतो.

तुझा,
सुदेश