सोन्याचं घोरणं

मालगुंड,
१० जून

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही गेलात आणि दोन दिवसांत पाऊस लागला. आमसुलांची पिशवी उन्हं होती तोवर भरली, पाठवते. पण पत्र त्यासाठी नाही.

सुट्टीभर सोन्या माझ्याजवळ झोपला. "आजोबांवर गेलाय, केवढा घोरतो!" असं तू म्हणालास, तेव्हा मीही हसले. एका रात्री मला जाग आली ती त्याचं घोरणं थांबल्यामुळे. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, छाती ओढत होती, पण नाकाशी बोट धरलं तर वारा नाही. बारापर्यंत आकडे मोजले, तेव्हा आचका देऊन त्याने श्वास घेतला. उशी घामाने भिजली होती.

समीर, हे मी आधी पाहिलंय. बाबांचं घोरणं मी वर्षानुवर्षं गाढ झोप समजत होते. रात्री तीनदा लघवीला उठणं, सकाळी डोकं जड, गोळ्यांना न जुमानणारं ब्लडप्रेशर, सगळं वयावर ढकललं. हातखंब्याजवळ स्कूटरवर डुलकी लागून ते शेतात गेले, तेव्हा कुठे झोपेची तपासणी झाली. तासाला ३८ वेळा श्वास अडत होता. ३० च्या पुढे स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, तीव्र धरतात. आता रात्री मशीनचा मास्क लावतात, त्यातल्या हवेच्या दाबाने घसा मिटत नाही. आधी तपासलं असतं तर, हे मला अजून खातं.

मुलांत ते सहज ओळखू येत नाही. मोठं माणूस दिवसा पेंगतं, मूल उलट वळवळतं, चिडतं, एका जागी बसत नाही. सोन्याच्या बाईंची तक्रार हीच ना? सहाव्या वर्षी पुन्हा अंथरूण ओलं करतो तेही यातलंच असू शकतं, त्याला ओरडू नको. अंगाने किडकिडीत आहे म्हणून निर्धास्त राहू नको. मुलांत बहुतेक वेळा टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड, म्हणजे टॉन्सिलसारख्याच गाठी, वाढलेले असतात, आणि ते काढल्यावर पुष्कळ मुलांना आराम पडतो.

तो झोपल्यावर छाती उघडी ठेवून मोबाईलवर दोन-चार मिनिटं चित्रण कर आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. दवाखान्यात मूल जागं असतं, तिथे काय दिसणार? ऑपरेशनचं नाव निघालं तर सूनबाई घाबरेल, मी येऊन राहीन.

डॉक्टरांकडून आलास की फोन कर. रात्र झाली तरी चालेल.

तुझी,
आई